शिवेवरची थप्पड

मिस ल्युरेन स्पायव्ही यांनी लहानपणी खाल्लेली एक थप्पड त्रेसष्ट वर्षं जपून ठेवली होती. आमच्या थर्स्बी काउंटीत लोक काय वाटेल ते जपतात. कोणाकडे खापरपणजीचा चांदीचा चमचा असतो, कोणाकडे इंग्लंडच्या राजाच्या सहीचा म्हणून मिरवलेला आणि प्रत्यक्षात त्याच्या कारकुनाच्या सहीचा कागद. मिस ल्युरेनकडे थप्पड होती. दर मे महिन्यात काउंटीच्या स्थापनादिनी त्या शाळेतल्या मुलांपुढे उभ्या राहायच्या, गालावर तळहात ठेवायच्या आणि तिची गोष्ट सांगायच्या. मी ती बावीस वेळा ऐकली. त्या बावीस वेळा एकाच जागी थांबायच्या, पोरं एकाच जागी हसायची आणि मी मागच्या बाकावर जांभई गिळायचे.

मी ओपल बायरम. त्यांच्या हाताखाली दस्तनोंदणीच्या कचेरीत दुय्यम होते, तीही बावीस वर्षं. त्या खुर्चीत, मी खुर्चीशेजारी. दर चार वर्षांनी निवडणूक यायची, दर चार वर्षांनी मला वाटायचं की आता म्हातारी थांबेल, आणि दर चार वर्षांनी त्या पहिल्याच दिवशी अर्ज भरून यायच्या आणि म्हणायच्या, "ओपल, शाई संपलीय गं, मागवून ठेव."

शाई त्यांनाच फार लागायची. त्या डावखुऱ्या होत्या. लिहिलेल्या ओळीवरून त्यांचा हात फिरायचा आणि ओळ फासटायची. छत्तीस वर्षांच्या दस्तांच्या वह्या उघडून बघा, कोणतं पान त्यांचं ते सही न वाचता कळतं.

पण कामात बाई बिनतोड. आमची काउंटी जुनी, राजाच्या अमलातली. ज्या लॉर्ड थर्स्बीच्या नावानं ती ओळखली जाते त्यानं समुद्र कधी ओलांडला नाही. नकाशावर बोट ठेवलं आणि मोकळा झाला. पूर्वेला खाडी, दक्षिणेला मॅचाकुन नदी, मधे वाळूचा उंचवटा, त्यावर गाव आणि विटांची कचेरी, आणि पश्चिमेला अकरा मैल दलदल. नदीचं नाव ज्या लोकांचं, त्यांना आमच्या पूर्वजांनी पहिल्या वीस वर्षांत हुसकून लावलं आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. हे सगळं आमच्या वह्यांत आहे. पहिल्या वहीतलं पहिलं खरेदीखत "जिथं अस्वल मारलं त्या झाडापासून" सुरू होतं. ते झाड कुठलं, ते अस्वल कोणाचं, हे मिस ल्युरेन सांगू शकायच्या.

त्याच वह्यांत गाई, तांब्याची भांडी आणि माणसं एका ओळीत विकलेली आहेत. मी ती पानं पटकन उलटायचे. मिस ल्युरेन उलटत नसत. दलदलीच्या कडेला राहणारा रूबेन रिडिक एकदा जमिनीच्या कामासाठी कचेरीत आला, तर यांनी त्याला बसवून ठेवलं आणि त्याच्या सात पिढ्यांची नावं, कोणाकडून कोणाकडे गेली त्या तारखांसकट, स्वतःच्या हातानं लिहून दिली. तीन शनिवार खपल्या. तेही फासटलेलंच होतं. रूबेनच्या घरात तो कागद काच लावून टांगलेला मी पाहिला आहे. बाईंच्या बाबतीत माझी कुरकुर फार आहे, पण हेही मला सांगितलं पाहिजे.

आता थप्पड. आमच्याकडे शीव कागदावर कमी आणि पायांत जास्त राहायची. दर काही वर्षांनी काउंटीनं नेमलेला माणूस कुऱ्हाड घेऊन शीव चालून यायचा. वाटेतल्या ठरलेल्या झाडांवर तीन-तीन घाव घालून जुन्या खुणा ताज्या करायचा आणि बरोबर घरातलं एखादं पोर न्यायचा. शिवेच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्या पोराच्या कानाखाली वाजवायची. पोरानं मरेपर्यंत तो कोपरा विसरू नये म्हणून. कागद जळतो, झाड पडतं, पण खाल्लेली थप्पड कोण विसरतो?

ल्युरेनचे आजोबा ओबेड स्पायव्ही हे असे शेवटचे शीव चालणारे. एकोणीसशे एकवीसच्या कोरड्या हिवाळ्यात त्यांनी आठ वर्षांच्या नातीला दलदलीत नेलं आणि आमच्या व बर्डेट काउंटीच्या शिवेचा कोपरा दाखवला. एक पोकळ, दोन शेंड्यांचं सायप्रसचं झाड. तिथं तिला सणसणीत ठेवून दिली. दोन वर्षांनी आजोबा गेले. आधी नेलेली दोन मुलं पहिल्या महायुद्धातच गेली होती. त्यामुळे तो कोपरा ठाऊक असणारं साऱ्या काउंटीत एकच माणूस उरलं, आणि त्या माणसाला याचा भारी अभिमान होता.

बर्डेटबद्दल एक सांगते. ती काउंटी सतराशे एकोणसाठ साली आमच्यातून फुटली. पलीकडच्या लोकांना कचेरीत यायला दलदल ओलांडावी लागते म्हणून गव्हर्नरनं त्यांना वेगळं काढून दिलं. सव्वादोनशे वर्षं झाली, आम्ही अजून त्यांना नवे म्हणतो. ते मक्याच्या भाकरीत साखर घालतात. मिस ल्युरेन म्हणायच्या, "भाकरीत साखर घालणाऱ्या माणसाची साक्ष मी तरी धरणार नाही बाई."

तर भानगड झाली हरणावरून. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात आमच्या चर्चचे एक वडीलधारे शिकारीला गेले. आमच्याकडे हंगाम सुरू झाला होता, बर्डेटला आठवडा बाकी होता. हरीण दलदलीत पडलं. बर्डेटचा वनरक्षक आला आणि म्हणाला, हे आमच्या हद्दीत पडलं. हे म्हणाले, आमच्या. हरीण मेलं ते मेलं, पण दोन्ही काउंट्या कोर्टात उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, "शीव नेमकी कुठंय?" दोन्हीकडचे वकील एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

वेगळं काढतानाच्या कायद्यात एकच वाक्य होतं. सो ब्रँच ओढ्याच्या मुखापासून सरळ रेषेत, दलदलीचं पाणी जिथं दोन वाटांनी फुटतं तिथल्या राळेच्या खुंटापर्यंत. राळेचा खुंट म्हणजे जुन्या पाइनचा गाभा. तो सडत नाही, त्याला कीड लागत नाही. पण गाळात गाडला गेला तर दिसतही नाही, आणि दलदलीत पाणी काय, पन्नास ठिकाणी फुटतं. शेवटी राज्य सरकारनं मोजणीदार पाठवला आणि दोन्ही काउंट्यांनी लेखी कबूल केलं की मिस स्पायव्ही शपथेवर जो कोपरा दाखवतील तो आम्हाला मान्य. साखर घालणाऱ्यांनीसुद्धा मानलं.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. मोजणीदार डेल ऑल्सब्रुक, तिशीचा, नवे कोरे बूट घातलेला. होडी रूबेनची. मी साक्षीचा कागद आणि शिक्का घेऊन. आणि बाप्यांचे रबरी बूट घातलेल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या एकाहत्तर वर्षांच्या मिस ल्युरेन होडीच्या नाकाशी.

"तुम्हाला झाड सापडेल ना, मॅडम?" डेलनं विचारलं.

"पोरा, तुझ्या बापाचा जन्म व्हायच्या आधी मी तिथं मार खाल्लाय."

"रूबेन, तुला नाही ठाऊक कोपरा?" मी सहज म्हटलं.

रूबेन वल्ही मारत म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यांना शीव दाखवायला कोण नेणार, ओपलबाई? त्यांना ती ओलांडायची बंदी होती." मग हसला. "ओलांडायचे, ते वेगळं."

त्या हिवाळ्यात पाणी कधी नव्हे इतकं उतरलं होतं. एरवी होडी झाडाच्या बुंध्याला लागते. आता शेवटचा अर्धा मैल चिखलातून चालावं लागलं. दोन शेंड्यांचा सायप्रस दिसला. पोकळ म्हणून लाकूडतोड्यांनी सोडून दिलेला. एक्कावन्न साली मिस ल्युरेननी याच झाडापासून मोजून आपल्या घराची जागा निवडली होती, पण तेव्हा चार फूट पाणी होतं आणि त्यांनी होडीतूनच बोट दाखवलं होतं. झाड आणि सो ब्रँचचं मुख यांच्या मधोमध, कोरड्या जमिनीवर, शिवेच्या आत साठ पावलांवर त्यांनी विटांचं लहानसं घर बांधलं आणि त्याचं खरेदीखत स्वतःच नोंदवलं.

"हेच," त्या म्हणाल्या आणि गालावर हात ठेवला. आता मुलं हसायची जागा, असं माझ्या मनात आलं.

डेलनं लोखंडी सळई घेऊन बुंध्याभोवती वीस ठिकाणी गाळ टोचला. खुंट लागला नाही. मग तो खाली वाकला आणि आनंदानं ओरडलाच. "मॅडम! घाव आहे! कुऱ्हाडीचा जुना घाव, साल वर आलीय बघा. झालं काम! खुंट नसला तरी चालेल, ही खूण आणि तुमची साक्ष, दोन्ही जुळलं."

बुंध्यावर, माझ्या मांडीच्या उंचीवर, एक घाव होता. सालीचे ओठ त्याच्यावर जवळजवळ मिटले होते.

रूबेन बघत होता. "शिवेच्या झाडावर तीन असतात ना?" तो म्हणाला.

"बाकीचे बुजले असतील," डेल म्हणाला. तो लिहायला लागलासुद्धा.

मिस ल्युरेन गुडघ्यावर बसल्या आणि घावावर हात ठेवला. डावा हात. मी शेजारीच होते. घाव डावीकडून उजवीकडे उतरत होता, उलटा. उजव्या हाताचा माणूस तसा घाव घालूच शकत नाही. आणि मोठा माणूस इतक्या खाली घालत नाही. झाड वाढतं ते शेंड्याला. बुंध्यावरची खूण जिथं केली तिथंच राहते. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्या तोंडावर मी बावीस वर्षांत कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. एखाद्या लहान मुलाला चोरी करताना धरलं की दिसतं तसं.

"मला जरा दम लागलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं खाऊन घ्या. ओपल, तू ये माझ्याबरोबर."

डेल आणि रूबेन होडीकडे गेले. आम्ही दोघी एका आडव्या ओंडक्यावर बसलो. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेलं भाजलेलं रताळं काढलं आणि नुसतंच मांडीवर धरून ठेवलं.

"ओपल, तो घाव माझाय."

"दिसलं मला."

"आजोबा लघवीला गेले होते. कुऱ्हाड इथं ठेवून. मला वाटलं आपणही एक खूण करावी. ती केली आणि ते आले. अगं, त्यांचा चेहरा! शिवेचं नसलेल्या झाडावर घाव घालणं म्हणजे... माणसं मेलीत गं यावरून आपल्याकडे. त्यांनी एकच मारली. मी खाली पडले. म्हणाले, खोटी खूण करतेस?"

"म्हणजे कोपरा हा नाही."

"कोपरा पुढंय. मी रडायची थांबेना, तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतलं. पुढं गेले आणि खाली उतरवून म्हणाले, हा कोपरा, ल्युरेन. हात उचलला त्यांनी. आणि उचललेला खाली घेतला. एका दिवसात दोनदा मारवेना त्यांना. त्याऐवजी खिशातून थंड रताळं काढून माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं आणि विसरले." त्यांनी मांडीवरच्या रताळ्याकडे पाहिलं. "त्रेसष्ट वर्षं मी त्या पोरांना सांगत आले की मार खाल्लेलं विसरत नाही माणूस. खरंय. लाड केलेला मात्र साफ विसरले."

मी हिशेब केला. करणार नाही तर काय. बावीस वर्षं तेच करते आहे. आम्ही पाण्याच्या वळशानं पश्चिमेकडून आलो होतो, तेव्हा कोपरा पुढे म्हणजे पूर्वेला, म्हणजे आमच्या बाजूला. रेषा आत येणार.

"किती पुढं?"

"दोनशे पावलं असतील."

कोपरा दोनशे पावलं सरकला तर मधोमध असलेल्या त्यांच्या घराजवळ रेषा शंभर पावलं सरकते. घर शिवेच्या आत साठ पावलांवर. म्हणजे मिस ल्युरेन स्पायव्ही, थर्स्बी काउंटीची चालतीबोलती स्मरणवही, तेहतीस वर्षं बर्डेटात राहत होती. आणि काउंटीत न राहणाऱ्या माणसाला आमच्या कचेरीतली खुर्ची मिळत नाही. ती खुर्ची मग कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी क्षणभर. त्याची मला अजून लाज वाटते. आणि त्या लाजेपोटी म्हणा किंवा बाईंवरच्या मायेपोटी म्हणा, मी म्हणाले, "गप्प बसा."

"काय?"

"गप्प बसा म्हणते. कोणाला कळणार आहे? मोजणीवाला खूश आहे. दलदलीतली दोनशे पावलं तिकडं गेली काय नि इकडं राहिली काय, तिथं बेडकांशिवाय कोण राहतं? सही करा आणि घरी चला."

"तू सांगतेस हे? तुला तर माझी खुर्ची हवीय."

"मला हवीय!" मी ओरडलेच. "बावीस वर्षं हवीय! म्हणूनच सांगते. अशी नकोय मला."

त्या हसल्या.

"अगं, लहानपणी मी खोटा घाव घातला, तो एका पोरीचा खेळ होता," त्या म्हणाल्या. "आज सही केली तर तो खरा होईल. आजोबांनी मारलं कशाला मग?"

"मग निदान गावात एखादी खोली घ्या भाड्यानं. नोव्हेंबरला वेळ आहे. राहायला या इकडं, निवडणूक लढवा. मी नाही उभी राहत."

"हे घर बांधल्यापासून आठ वेळा बायबलवर हात ठेवून म्हटलंय मी, या काउंटीत राहते म्हणून. आठही वेळा खोटं. न कळता, पण खोटंच. आता कळून-सवरून खोलीत एक ट्रंक ठेवायची, झोपायचं घरी आणि नवव्यांदा तेच म्हणायचं? अंजिराचं झाड आहे माझं तिथं, कुत्रं आहे. मी तिथंच मरणार. नाही बाई." त्या उठल्या. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "ऑल्सब्रुक! ए पोरा! तो कागद फाड. चल माझ्यामागं."

त्या पुढे चालल्या. मधेच थांबायच्या, डोळे मिटायच्या. "इथं उंच धरलं होतं मला, फांदी लागली कपाळाला... डावीकडं." आम्ही तिघं चिखल तुडवत मागे. मग जमीन किंचित चढली आणि समोर पाण्याच्या दोन बारीक धारा दोन दिशांना चालल्या होत्या. इतक्या बारीक की एरवीच्या पाण्यात कोणाला दिसल्याच नसत्या.

"इथं," त्या म्हणाल्या. गालावर हात वगैरे काही नाही.

रूबेननं सळई घेतली. तिसऱ्यांदा टोचली तेव्हा टक् असा आवाज आला. त्यानं हातानं गाळ उपसला, कोपरापर्यंत हात घातला. काळं पडलेलं एक चौकोनी टोक वर आलं. डेलनं चाकूनं त्याची एक ढलपी काढली आणि नाकाशी धरली, मग आमच्या नाकाशी. सव्वादोनशे वर्षं गाळात पुरलेल्या त्या लाकडाला ताज्या राळेचा वास येत होता. डेलनं डोक्यावरची टोपी काढली.

"मॅडम," तो नकाशा बघून हळूच म्हणाला, "तुमचं घर..."

"माहितेय मला माझं घर कुठंय ते. लिही."

त्यानं लिहिलं. मिस ल्युरेननी डाव्या हातानं सही केली आणि ती फासटली. मी शिक्का मारला. सगळं आवरून मी कागद पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ओपल, वर बघ."

मी वर पाहिलं आणि काडकन् आवाज झाला. डाव्या हाताची पाचही बोटं. माझा चष्मा उडून चिखलात पडला. डेल "अहो मॅडम!" म्हणून पुढे धावला. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलींची आई, चर्चमध्ये पेटी वाजवणारी. माझा हात उचललाही गेला होता. पण त्या समोर उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"मला मूलबाळ नाही," त्या म्हणाल्या. "कोणाला तरी ठाऊक पाहिजे. आता नाही विसरणार तू."

"बावीस वर्षांचा राग काढलात तुम्ही," मी म्हणाले. मीही रडत होते.

"तोही थोडा होता," त्या म्हणाल्या. मग रुमालातलं रताळं काढून त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. "हेही लक्षात ठेव. मी नाही ठेवलं."

रूबेननं चष्मा शोधून, शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

त्यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि काउंटीत हलकल्लोळ माजला. यांनी बाहेरच्या असताना दिलेली लग्नाच्या परवान्याची पत्रं खरी की खोटी, असा प्रश्न निघाला. तीन नवरे मोठ्या आशेनं कचेरीत विचारायला आले. वकिलांनी सांगितलं, सगळी खरी आहेत. तिघंही तोंड पाडून घरी गेले. ते हरीण मात्र बर्डेटचंच ठरलं आणि आमच्या वडीलधाऱ्यांना दंड झाला. ते मिस ल्युरेनशी वर्षभर बोलले नाहीत.

बर्डेटचे लोक दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या दारात टोपल्या घेऊन आले. मक्याची भाकरी, साखर घातलेली. मी गेले तेव्हा टेबलावर चार होत्या.

"खाल्लीत?" मी विचारलं.

"खाल्ली. वाईट नाही. भाकरी म्हणायची नाही, केक म्हणायचं, म्हणजे गिळते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाई, दिवस फार लांब असतो गं घरात. मला ठाऊक नव्हतं." मी भांडी घासली आणि निघाले.

मी नोव्हेंबरात निवडून आले. विरोधात कोणी नव्हतंच. शपथ डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, कचेरीच्या मोठ्या दालनात. स्पायव्हींची जागा छत्तीस वर्षं पहिल्या रांगेत. मी वळून पाहिलं तर त्या शेवटच्या रांगेत, पाहुण्यांच्या बाकावर बसलेल्या. शेजारी रूबेन. अंबाड्यात पेन्सिल तशीच. मी खुणेनं पुढे बोलावलं, त्यांनी मान हलवली.

न्यायाधीशांनी बायबल पुढे केलं. मी हात ठेवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दर वेळी हाच असतो आणि त्याचं उत्तर कोणी मनापासून ऐकतही नाही.

"ओपल बायरम, तुम्ही थर्स्बी काउंटीच्या रहिवासी आहात?"

उत्तर द्यायला मला एका शब्दाची गरज होती. पण माझा गाल असा पेटला की दालनातल्या सगळ्यांना दिसला असावा. थर्स्बी काउंटी कुठे संपते ते मला ठाऊक होतं. रूबेन सोडला तर त्या दालनात ते ठाऊक असलेल्या फक्त दोघी बायका होत्या, आणि दुसरी शिवेपलीकडची होती.

"हो," मी म्हणाले. मला शेवटच्या रांगेतलं काही धड दिसत नव्हतं. नंतर रूबेननं सांगितलं, मी हो म्हटलं तेव्हा मिस ल्युरेननी मला मारलेला तो डावा हात उघडून बघितला आणि पदराआड लपवावा तसा कोटाच्या खिशात घातला.